नोएफएक्सचं सामूहिक आत्मकथन: कोण बोलून राहिलं तेच कळत नाही

धरमपेठ_कट्टा:
आमच्या वाचनकट्ट्यावर (नागपूर, आठ जण, निम्म्यांनी पंक, म्हणजे वेगवान बंडखोर रॉक, कधी ऐकलेलं नाही) पुढचं पुस्तक नोएफएक्स या अमेरिकन पंक बँडचं 'द हेपटायटिस बाथटब अँड अदर स्टोरीज' ठरलं आहे. दर काही पानांनी बोलणारा बदलते, साल बरेचदा दिलेलं नसते, आणि शंभर पानांत सगळे एकसारखेच वाटायला लागतात. सोबत काय ऐकायचं? बैठका कशा पाडायच्या? मजकूर फारच उघडा आहे, तर लोकांना आधी काय सांगून ठेवायचं?

बेसवाला_सदर:
भाऊ, पहिला गोंधळ नावांचा. बँडात एरिक दोन होते. एरिक मेल्विन गिटार वाजवायचा, एरिक सँडिन ड्रम. दुसऱ्याला सगळे 'स्मेली' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. फॅट माइक बेस वाजवायचा आणि गायचा. एल हेफेकडे दुसरी गिटार आणि ट्रम्पेट. एवढं एका पुठ्ठ्यावर लिहून बुकमार्क म्हणून ठेवलं की अर्धं काम झालं.

साल नसेल तिथे खोलीत दुसरी गिटार कोणाच्या हातात आहे ते बघा. बँड १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला, पण हेफे १९९१ मध्ये आला. म्हणजे गाडीत हेफे असेल तर प्रसंग त्यानंतरचाच. त्याच्या जागी स्टीव्ह किडविलर असेल तर ऐंशीचं दशक संपतानाचा किंवा नव्वद नुकतं लागल्याचा. 'रिब्ड' (१९९१) ही किडविलरची शेवटची रेकॉर्ड, 'व्हाइट ट्रॅश, टू हीब्स अँड अ बीन' (१९९२) ही हेफेची पहिली पूर्ण लांबीची. सालासाठी याहून पक्की खूण नाही. हेफेच्या सुरुवातीच्या प्रकरणांत बँड का दिसत नाही, याचंही उत्तर त्यातच आहे.

पेन्सिलीनं समासात बोलणाऱ्याचं एक अक्षर टाकत जा. हायलायटर नको, पातळ कागदावर मागच्या पानापर्यंत उतरतो.

ड्रमवाली_ताई:
वरचं पटलं, पण नुसती सालं जुळवत बसलात तर पुस्तक हातचं जाईल. बँडसोबत जेफ अलुलिसचं नाव लेखक म्हणून आहे. एकाचं बोलणं संपल्यावर लगेच दुसऱ्याचं त्याला छेद देणारं येतं तेव्हा ती मांडणी आहे, अपघात नव्हे. दोघांत खरं कोण, याचा निकाल लावायला जाऊ नका. रेकॉर्ड कधी आली, कोण केव्हा बँडात होतं, हे बाहेरून तपासता येतं. तीस वर्षांपूर्वीचे संवाद नाही तपासता येत. ते आठवणीतून रचलेलेच असणार.

आपल्याला ही सवय नवी नाही. दलित पँथरबद्दल ढसाळ, ढाले आणि ज. वि. पवार यांच्या मांडण्या जुळत नाहीत, तिथे आपण कोण, केव्हा आणि कोणाशी भांडण झाल्यावर बोलतोय हे बघतोच. तेच इथे करा. स्मेलीचा हेरॉइनचा काळ त्याच्या तोंडून आणि इतरांच्या तोंडून लागोपाठ वाचा. त्याला स्वतःला जे दिसत नव्हतं ते बाकीच्यांच्या पानांत सापडतं.

धरमपेठ_कट्टा:
ताई, हे छान सांगितलं. ऐकायचं काय? पहिल्या रेकॉर्डपासून सुरू करू का?

बेसवाला_सदर:
नको. सुरुवातीचं वादन फार कच्चं आहे, नवखा माणूस तिथेच पळते. आधी 'पंक इन ड्रब्लिक' (१९९४) ऐकवा, मग मागे 'रिब्ड'कडे या. फरक कानाला लगेच कळतो: आवाजांची हार्मनी घट्ट झालेली, ड्रम वेगात असूनही स्वच्छ. 'द डिक्लाइन' (१९९९) हे अठरा मिनिटांचं एकच गाणं, ते तोडून ऐकू नका.

१९९४ हे साल मात्र समजावून सांगा. त्याच वर्षी ग्रीन डे आणि ऑफस्प्रिंग या पंक बँडांच्या रेकॉर्ड जगभर खपल्या, मोठ्या कंपन्या पंक बँडांच्या मागे लागल्या. मोठी कंपनी आधी जी रक्कम देते ती बँडच्या रॉयल्टीतून वळती होते. वसूल होईपर्यंत हाती काही पडत नाही. नोएफएक्स एपिटाफ या स्वतंत्र लेबलवरच (छोट्या रेकॉर्ड कंपनीकडेच) राहिले, आणि माइकचं स्वतःचं लेबल फॅट रेक कॉर्ड्स १९९० पासून होतंच. हे माहीत नसलं की पैशाबद्दलची पानं नुसती बढाई वाटतात.

ड्रमवाली_ताई:
बैठका तीन पुरे. पहिली स्वस्तातल्या दौऱ्यांपर्यंत, दुसरी हेफे येऊन स्मेली नशेतून सुटेपर्यंत, तिसरी उरलेलं. दोन-दोन जणांना एकेक आवाज वाटून द्या. बैठकीत त्या माणसाची बाजू त्यांनीच मांडायची.

व्यसन, आत्महत्या, मृत्यू, लहानपणीचं लैंगिक शोषण, बीडीएसएम (बांधणं, वेदना, हुकमत यांचे लैंगिक प्रकार) हे सगळं पुस्तकात आहे, आणि शोषणाचा भाग विनोदी पानांच्या मधे अचानक येतो. गटावर ही यादी आधीच टाका, ते भाग मोठ्यानं वाचू नका, आणि कोणी पानं गाळली तर कारण विचारू नका. ज्यांना छापील पुस्तक जमत नाही त्यांना ऑडिओबुक सुचवा. त्यात बरंचसं बँडवाले स्वतः वाचतात, त्यामुळे आवाज ओळखणं सोपं जातं.

बेसवाला_सदर:
आणि एकच प्रत फिरवणार असाल तर मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. गोंदाची बांधणी आहे, आपल्या उन्हात पानं सुटतात.