म्हणे, हप्ता भाडेकरू भरतो!

पेठेतला मामा:
कालपासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरालीय. १८ ऑगस्ट २०२५पासून आपल्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे वकील-पक्षकार आता इथं येणार, म्हणून पंचविशीतच दुसरा फ्लॅट बुक करा, हप्ता भाडेकरू भरेल. माझ्या दोन्ही भाच्यांनी मला ती पाठवली आणि खाली विचारलं, मामा, बघूया काय?

बघूया की. फ्लॅट ५० लाखांचा धरा. १० लाख पदरचे, ४० लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं. हप्ता बसतो ३४,७०० च्या आसपास. त्या टूबीएचकेला १३ हजार भाडं मिळालं तर मी जोतिबाला गुलाल उधळून येईन. म्हणजे दरमहा वीस-बावीस हजार तुमच्याच खिशातनं. मेंटेनन्स आणि घरफाळा (घरपट्टी) अजून धरलाच नाही. भाडेकरू सोडून गेला की फ्लॅट रिकामा, पण बँक काय थांबत नाही.

आणि पोस्टमध्ये जीएसटीचा उल्लेखच नाही. बांधकाम चालू असताना घेतला तर ४५ लाखांपर्यंत (आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ९० चौरस मीटरच्या आत) १ टक्का, त्याच्या वर ५. म्हणजे ५० लाखांवर सरळ अडीच लाख. कंप्लिशन झालेला, म्हणजे बांधकाम पुरं झाल्याचा दाखला मिळालेला, घेतला तर शून्य. लिहिणाऱ्याला हे माहीत नाही, की सांगायचं नाही?

शेंडापार्ककर:
मामा, तुमचा हिशेब चोख, पण भाड्यासाठी कोण घेतंय? किंमत वाढते ती धरा की. माझ्या वडिलांनी पाचगावात प्लॉट घेतला तेव्हा गल्लीतले हसत होते, तिथं कोल्हीपण येत नाहीत म्हणून. आज तेच विचारतात, पाव्हणं, अर्धा देणार काय. वडिलांनी मामांचा सल्ला घेतला असता तर आम्ही आजपण भाड्यानं राहिलो असतो.

सातबारा:
प्लॉटचं नाव काढलं म्हणून बोलतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट एवढं पाठ असलं की लोकांना वाटतं जमीन कळाली. माझ्या मेव्हण्यानं तीन गुंठे घेतले. सात-बारावर भावकीची सगळी नावं, विकणारा एकटाच, कागद काय तर नोटरी आणि कुलमुखत्यारपत्र. वाटण्या झाल्याच नव्हत्या. आता बहिणी हिस्सा मागतायत आणि मेव्हणा वकिलाकडं हेलपाटे मारतोय. सर्किट बेंचचा फायदा झाला तो असा!

सात-बारावरचा इतर हक्काचा रकाना वाचा. वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का बघा, देवस्थान इनाम, म्हणजे देवाला दिलेली, आहे का बघा. आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी कमी नाहीत. एजंट म्हणतो 'होऊन जाईल', पण खरेदीखत झाल्यावर तो फोन उचलत नाही.

नागाळा पार्कवाली:
आणि पाणी कोण बघणार? आम्हाला फ्लॅट दाखवला चैत्रात. "ताई, इथं पूर येत नाही." २०१९ला पार्किंगमधल्या गाडीचं फक्त टप दिसत होतं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, त्या वर्षी पंचगंगा ५५च्या वर गेली. २०२१ला परत तेच. नंतर विकायला काढला तर येणारा पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि मला खोटं बोलता येत नाही. पुराची निळी रेषा, लाल रेषा नकाशावर बघून घ्या, आणि नकाशापेक्षा शेजारच्या किराणावाल्याला विचारा, पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं.

अजून एक. फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाखांवर ५० हजार वाचतात. तरी आपल्याकडं नवऱ्याचं नाव पहिलं लागतंच.

शेंडापार्ककर:
ताई, पूर शहरात येतो म्हणून तर म्हणतोय, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर. उंचावर आहे, हवा चांगली.

प्रतिभानगरचा पम्या:
हवा प्यायची काय? टँकरचं बिल दाखवू? शहरात रेट का भडकलेत माहितीय? १९७२ला महापालिका झाली, हद्द तेव्हाचीच! शहराला हलायला जागा नाही. सगळ्याचं मूळ रखडलेली हद्दवाढ, शेजारची गावं शहरात घ्यायची ती. ज्यांनी अडवली तेच आता प्लॉट विकालेत.

करवीरचा शेतकरी:
आलं का हद्दवाढीचं! आमची रानं खाऊन तुमचं शहर मोठं करायचं. आत घेतलेल्या उपनगरांत आधी गटारी करा, मग आमच्याकडं बघा. २०१७ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं तेव्हापण विकासच होणार होता.

प्रतिभानगरचा पम्या:
केएमटीत, महापालिकेच्या बसमध्ये, बसून कामाला शहरात येणार, पोरं शहरातल्या शाळेत, दवाखाना शहरात. फक्त फाळा द्यायला नको. फुकटचं पचतंय बरं!

करवीरचा शेतकरी:
तोंड सांभाळून. तिकीट काढून बसतो. काळम्मावाडीचं धरण राधानगरी तालुक्यात, थेट पाइपलाइन आमच्या गावांकडनं गेली, पाणी तुमच्या नळाला, आणि फुकटे आम्ही? दूध, भाजी आठवडाभर बंद ठेवतो, मग बोल.

प्रतिभानगरचा पम्या:
ठेव की! ज्या रानासाठी रडालास त्यातले दहा गुंठे गेल्या वर्षी कोणी विकले ते पण सांग. बोर्ड मी रोज बघतोय.

करवीरचा शेतकरी:
पोरीच्या लग्नाला विकले. तुझ्या बापाचं काय गेलं?

पेठेतला मामा:
बाप काढू नका. हद्दवाढ आपण दोघं-तिघं इथं करणार नाही. धागा फ्लॅटचा आहे.

सातबारा:
मामा, तुमच्या पेठेतलंपण सांगा की. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असले तर महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही. जुना वाडा पाडून सहा फ्लॅट उठवले की खरेदीदाराला ती नोंदणीच बघायला मिळत नाही. पार्किंग कागदावर सहा, जागेवर दोन.

पेठेतला मामा:
ते खरं आहे. आमच्या गल्लीतच आहे तसली इमारत, संध्याकाळी गाड्या लावण्यावरनं रोज तमाशा.

शेंडापार्ककर:
चला, मामांना पेठेतलं काहीतरी वाईट दिसलं! मग मीपण मान्य करतो, हप्ता भाडेकरू भरत नाही. अर्धापण नाही. पण किंमत वाढणार, यावर मी ठाम.

पेठेतला मामा:
वाढू दे. विकताना २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर जातो, तो धरून सांग. आणि आजच्या आज विकून दाखव म्हटलं तर गिऱ्हाईक किती दिवसांनी मिळेल तेपण.

उचगावचा नवशिक्या:
मी मामांचा भाचा नाही, पण माझीपण तीच पंचविशी. जवळ १२ लाख आहेत. पगार ४५ हजार. नक्की करू काय?

पेठेतला मामा:
४५ मधनं ३५ हप्ता दिल्यावर खाणार काय? लग्न ठरेपर्यंत एफडी कर, तोवर कंप्लिशन झालेले, कागद स्वच्छ असलेले फ्लॅट नुसते बघत फिर. बघायला पैसे पडत नाहीत.

शेंडापार्ककर:
एफडी!! मेलो.

करवीरचा शेतकरी:
नवशिक्या, तुझ्या उचगावातच भेटू. पम्याला पण आण. घरफाळ्याची पावती दाखवतो त्याला.