यू टू: डोक्यावर घेणारे आणि डोक्यात जाणारे, दोघांचेही अनुभव हवेत

१९७६ साली डब्लिनमधल्या माउंट टेम्पल शाळेत लॅरी मलन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने फलकावर सूचना लावली: बँडसाठी वादक हवेत. त्यातून जमलेले ड्रमर लॅरी, बेसवादक अ‍ॅडम क्लेटन, गायक बोनो आणि गिटारवादक एज हे चौघं आजही यू टू या एकाच बँडमध्ये आहेत. गाण्यांचं श्रेय आणि पैसा चौघांत सारखा वाटून घेतात. इतकी वर्षं एवढे मोठे राहूनही ज्यांच्याबद्दल दोन रसिकांचं एकमत होत नाही, असा दुसरा बँड मला माहीत नाही. गाण्याच्या बैठकीत यू टूचं नाव निघालं की कुणीतरी खुर्ची पुढे ओढतं आणि कुणीतरी उठून जातं.

म्हणून हा धागा. 'भारी' किंवा 'भंपक' एवढंच लिहून जाऊ नका. कोणतं गाणं, कोणता कार्यक्रम, कोणती घटना तुम्हाला या किंवा त्या बाजूला घेऊन गेली ते लिहा. मी स्वतः चाहती आहे, पण विरोधातले अनुभव मला जास्त हवेत.

*

आमच्या घरात हा वाद एकाच चित्रफितीवरून आहे. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांसाठीचा मदतकार्यक्रम. यू टूच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं, त्यात तीन गाणी बसवायची. दुसरं गाणं 'बॅड' सुरू असताना बोनो मंचावरून खाली उतरतो, गर्दीतून एका मुलीला बाहेर काढायला सांगतो आणि तिला मिठीत घेऊन नाचतो. गाणं बारा मिनिटांच्या आसपास लांबतं. मंचावर उरलेल्या तिघांना तो दिसतही नाही, ते बिचारे तीच सुरावट वाजवत राहतात. तिसरं गाणं, म्हणजे 'प्राइड', राहूनच जातं. बाकीचे तिघं त्याच्यावर चांगलेच संतापले होते.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, हा शुद्ध आत्मप्रौढीचा नमुना आहे. जगभर कोट्यवधी लोक बघत असताना साथीदारांना टांगून ठेवून स्वतःकडे कॅमेरे वळवून घेतले. मला मात्र त्यात एक गायक दिसतो, ज्याला मंच आणि गर्दी यांच्यातलं अंतर सहन होत नाही. तीन वाद्यांवर चाललेलं ते आवर्तन नीट ऐका. एजची गिटार कुठेही घाबरत नाही, लॅरीचा ठेका ढळत नाही. गायक कुठे गेलाय ठाऊक नसताना गाणं असं धरून ठेवायला काय लागतं, ते वाजवणार्‍यांना विचारा.

*

वाजवणार्‍यांना विचारा म्हणालात म्हणून लिहितो. मी गिटार वाजवतो, आणि 'एजला वाजवता येत नाही, पेडल वाजवतं' हे वाक्य ऐकून कान किटलेत.

तो काय करतो ते सांगतो. सरळ आठव्या मात्रांचे स्वर छेडायचे. डीले पेडलवर (पायाने चालवायचं, स्वर थोड्या उशिराने परत ऐकवणारं यंत्र) प्रतिध्वनी असा लावायचा की तो तीन सोळांश मात्रांनंतर परत येईल. म्हणजे प्रतिध्वनी तुमच्या दोन स्वरांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो आणि कानाला सोळांश मात्रांची सलग धार ऐकू येते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर हे अंतर ३७५ मिलिसेकंद. लय थोडी हलली की सगळा चिखल. पेडल क्षमा करत नाही. सुरुवातीच्या अल्बमांवर त्याच्याकडे मेमरी मॅन डिलक्स हे पेडल होतं, आजही मिळतं. घ्या, लावा आणि पहिली दोन मिनिटं लय धरून दाखवा.

द्रुत सोलो त्याच्याकडे नाही, मान्य. पण किती स्वर गाळायचे हे ठरवणं हीसुद्धा तालीमच असते. १९८० नंतरच्या किती बँडांनी हा आवाज उचलला, ते ऐकूनच कळतं.

*

विरोधातला अनुभव. मी शब्दांचा माणूस आहे. 'प्राइड' हे गाणं मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर आहे. त्यात ४ एप्रिलची पहाट आणि मेम्फिसमधली गोळी येते. किंग यांच्यावर ४ एप्रिल १९६८ रोजी गोळी झाडली ती संध्याकाळी, सहा वाजून गेल्यावर. गाणं १९८४ चं. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीची, जगाला तोंडपाठ असलेली घटना. पुढे बोनो मंचावर बर्‍याचदा 'संध्याकाळ' असा बदल करून गातो, पण मूळ ध्वनिमुद्रण तसंच आहे.

मला ही बारीकसारीक चूक वाटत नाही. हुतात्म्यावर गाणं लिहायचं आणि त्याच्या मृत्यूची वेळ बघायची तसदी घ्यायची नाही, यात मला भावनेची घाई दिसते. १९८८ च्या 'रॅटल अँड हम' अल्बममध्ये तीच घाई आहे. ब्लूज गायक बी. बी. किंगसोबत गा, जॅझ गायिका बिली हॉलिडेवर गाणं करा, बीटल्सचं गाणं म्हणा, आणि या सगळ्यांच्या पंक्तीत आपलं पान मांडून घ्या. अमेरिकी समीक्षकांनी तेव्हा झोडपलं ते योग्यच होतं. चाली चांगल्या आहेत, हे मी नाकारत नाही. त्या चालींवर एवढा मोठा आशय लादायचा, तर तो तोलून धरणारे शब्द हवेत.

*

त्याच 'रॅटल अँड हम'च्या चित्रपटात एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी या बँडला बाकी बरंच माफ करते. मी राज्यशास्त्र शिकवते.

८ नोव्हेंबर १९८७ च्या सकाळी उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात युद्धस्मारकाजवळ आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला. हुतात्म्यांना मानवंदना द्यायला जमलेली अकरा माणसं मेली. त्याच रात्री यू टूचा डेन्व्हरला कार्यक्रम होता. 'संडे ब्लडी संडे'च्या मध्यात बोनोने गाणं थांबवलं आणि अमेरिकेत राहून आयर्लंडच्या 'क्रांती'चे गोडवे गाणार्‍या आयरिश वंशाच्या अमेरिकनांना भर सभागृहात सुनावलं. त्या काळी अशाच लोकांच्या देणग्यांतून अमेरिकेतून आयआरएला पैसा जात होता, हे लक्षात घ्या. म्हणजे तो आपल्या सर्वांत निष्ठावान श्रोत्यांनाच बोलत होता.

गाणं मुळात उत्तर आयर्लंडच्याच डेरी शहरातल्या ३० जानेवारी १९७२ च्या गोळीबाराचं नाव घेतं. ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या होत्या. असं गाणं सहज बंडाचं गाणं होऊन बसलं असतं. यांनी ते पांढरा झेंडा घेऊन म्हटलं. 'बोनो उपदेश करतो' ही तक्रार मी समजू शकते, पण ज्या उपदेशाने गाणार्‍याचं नुकसान होऊ शकतं आणि ज्याने त्याचा फायदाच होतो, त्या दोन्हींना मी एका मापाने मोजणार नाही.

*

ड्रमवाल्यांकडून थोडकं. वरच्याच गाण्याचा तो लष्करी ठेका विंडमिल लेन स्टुडिओच्या जिन्यात मुद्रित केलाय. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटला घुमणारा आवाज हवा होता. लॅरी शाळकरी वयात मिरवणुकीच्या बँडमध्ये वाजवायचा, ते हात तिथे ऐकू येतात. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या ठोक्यांवर, वाजवायला तो तयार नव्हता. अँडी न्यूमार्कसारखा कसलेला ड्रमर तो वापरतो हे कळल्यावर तयार झाला. बाकी वाद तुमचे तुम्ही घाला, मला तो जिना पुरतो.

*

ज्या उपदेशाने गाणार्‍याचा फायदाच होतो, असं वर आलंय. मग २००६ बद्दल बोलू. मी करसल्लागार आहे.

आयर्लंडमध्ये कलावंतांच्या निर्मितीवरच्या उत्पन्नाला करमाफी होती. सरकारने ती वर्षाला अडीच लाख युरोंपर्यंतच मर्यादित करायचं ठरवलं. त्यानंतर यू टूने आपल्या व्यवसायाचा काही भाग नेदरलँड्समध्ये हलवला. कायदेशीर? पूर्ण. माझ्याकडे कुणी आलं असतं तर मीही हाच मार्ग दाखवला असता. पण बोनो त्याच काळात आयरिश सरकारने गरीब देशांना जास्त मदत द्यावी म्हणून मागे लागला होता. सरकार ती मदत कशातून देतं? करातून. २०११ च्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात आंदोलकांनी यू टू मंचावर असताना कराबद्दलच्या घोषणेचा प्रचंड फुगा उभा केला होता, तो मला पटला होता.

मी अजूनही त्यांचा १९८७ चा अल्बम 'द जोशुआ ट्री' ऐकतो. बोनो भाषण सुरू करतो तिथे पुढे जातो.

*

करसल्लागारांना उत्तर. नेदरलँड्सचा निर्णय मलाही समर्थनीय वाटत नाही. पण याच माणसाने गरीब देशांचं कर्ज माफ व्हावं म्हणून अमेरिकेच्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे उंबरे झिजवले. त्यात कट्टर उजव्या सिनेटरांसोबत बसणंही आलं, आणि त्यासाठी त्याला डाव्या मित्रांच्या शिव्या खाव्या लागल्या. आफ्रिकेतल्या एड्सवरच्या औषधांसाठी २००३ मध्ये अमेरिकेने जी मोठी योजना आणली, तिच्यासाठी रेटा लावणार्‍यांत तो होता. मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. ती औषधं पोहोचल्याने काय बदललं हे आमच्या क्षेत्रात सगळे जाणतात. कराचा हिशोब जरूर मांडा, पण वहीची दोन्ही पानं उघडी ठेवा.

*

तुम्ही सगळे १९८७ मध्येच का अडकलात? माझं यू टू सुरू होतं ते 'आख्तुंग बेबी' या अल्बमपासून.

१९९० च्या शरदात हे चौघं बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत गेले तेव्हा जर्मनीचं एकीकरण नुकतंच झालं होतं, आणि यांचा बँड मात्र फुटायच्या बेतात होता. बोनो आणि एजला नवे ठेके, यंत्रांचे आवाज हवे होते. लॅरी आणि अ‍ॅडमला त्यात आपली जागाच दिसत नव्हती. दुसर्‍याच एका गाण्याच्या तुकड्यांशी झटापट करताना 'वन' हाती लागलं आणि बँड तगला. मला ते गाणं म्हणूनच आवडतं. लोक ते लग्नात वाजवतात, पण ते एकमेकांना दुखावलेल्या आणि तरीही सुटू न शकणार्‍या माणसांचं गाणं आहे.

पुढचा झू टीव्हीचा दौरा म्हणजे वाळवंट, टोपी, साधेपणा या आपल्याच जुन्या प्रतिमेवर यांनी स्वतःच मारलेली काट. भिंतभर पडदे, काळा गॉगल, मंचावरून व्हाइट हाउसला फोन. टीकाकार ज्या भाबड्या गांभीर्याला हसत होते, त्याचं विडंबन बँडने आधीच करून टाकलं.

मात्र त्याच दौर्‍यात १९९३ च्या उन्हाळ्यात बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या सारायेवोतल्या लोकांशी उपग्रहाद्वारे थेट संवाद दाखवत, तो मी आजही सलग बघू शकत नाही. मरणाच्या छायेतली माणसं बोलतात, आणि पुढच्या क्षणी पुन्हा रॉक कार्यक्रम. टीका झाली आणि बँडने ते थांबवलं. पण २३ सप्टेंबर १९९७ ला, युद्ध संपल्यावर, हे चौघं पॉपमार्ट या नव्या दौऱ्याचा अवजड संसार घेऊन सारायेवोच्या कोशेवो स्टेडियममध्ये गेले. बोनोचा आवाज बसला होता. गर्दीने गाणी उचलून धरली. तुटलेल्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं आली होती. पडद्यावरचा तो संवाद आणि प्रत्यक्ष जाणं, या दोन्हींत तोच बँड आहे. मी कुठलंच वगळायला तयार नाही.

*

मी फॅन नाही. १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नवर्‍याला सोबत म्हणून गेले. त्यांचा भारतातला पहिला कार्यक्रम आणि जोशुआ ट्री दौर्‍याचा शेवटचा. अख्खा अल्बम क्रमाने वाजवला. मागे सुमारे ६१ मीटर रुंदीचा पडदा, त्यावर छायाचित्रकार अँटन कॉर्बाइनने चित्रित केलेला वाळवंटातला लांबच लांब रस्ता. ए. आर. रहमान आणि त्यांच्या मुलीही मंचावर आल्या.

माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. एका गाण्यात पडद्यावर स्त्रियांचे चेहरे येत होते, त्यात गौरी लंकेश यांचा चेहरा आला. आपल्याकडच्या किती मोठ्या कलाकारांनी तेवढ्या गर्दीपुढे तो चेहरा दाखवला असता? नवरा परतताना गिटारबद्दल बोलत होता, मी त्या चेहर्‍याबद्दल. संगीत मला अजूनही एकसुरी वाटतं.

*

माझ्या वयाच्या मुलांना यू टू म्हणजे ९ सप्टेंबर २०१४. अ‍ॅपलने त्यांचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत न विचारता टाकला आणि आठवड्याभरात तो काढून टाकायची सोय द्यावी लागली. बोनोने नंतर माफीही मागितली. दुर्दैव असं, की त्यात त्याने लहानपणी गमावलेल्या आईवरचं एक खरोखर चांगलं गाणं आहे. पण जबरदस्तीने हातात कोंबलेलं कोण प्रेमाने ऐकेल? संगीत शोधून सापडायला हवं.

*

सप्टेंबर २०२३ मध्ये लास व्हेगासच्या स्फिअर या नव्या गोलाकार सभागृहात कार्यक्रम सुरू झाले तेव्हा लॅरी शस्त्रक्रियेमुळे नव्हता. त्याच्या जागी ब्रॅम व्हान डेन बर्ग. त्याने उत्तम वाजवलं. पण 'चौघांत एकही कमी असेल तर तो यू टू नाही' ही यांचीच शिकवण उराशी धरून मोठे झालेल्या माझ्यासारख्याला ते लागलं. लॅरी बरा होईपर्यंत थांबायला हवं होतं.

*

शेवटी आवाजाबद्दल, कारण त्यावर कुणीच बोललं नाही. मी गाणं शिकवते. तरुण बोनो आपल्या पट्टीच्या वरच्या टोकाला, जवळजवळ ओरडत गायचा. तंत्र म्हणून मी विद्यार्थ्यांना तसं कधीच गाऊ देणार नाही, गळा फार दिवस टिकत नाही. २०२३ मध्ये त्यांनी चाळीस जुनी गाणी नव्याने मुद्रित केली, त्यातली बरीच खालच्या पट्टीत, संथ, मोजक्या वाद्यांवर. श्वास आता जागेवर आहे, शब्द स्वच्छ येतात, ताण गेला आहे. समीक्षकांची मतं इथेही विभागली: काहींना हे परिपक्व वाटलं, काहींना निस्तेज.

मी वर्गात 'प्राइड'ची दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकवते. गळा कसा जपावा हे सांगायला नवं उपयोगी पडतं. माझं मत विचाराल तर मला जुनंच हवं. तो वरचा स्वर तो पोहोचेल की नाही अशा बेतानेच लावतो, आणि नव्यात ती शंकाच उरलेली नाही.