जुन्या २०७ ला मागे डबल टायर टाकून कार-कॅरिअर करायचाय, सल्ला द्या

उदगीरकर

राम राम मंडळी. नांदेड-बिदर रस्त्यावर उदगीरजवळ माझं छोटं गॅरेज आहे. वडिलांनी १९९९ साली घेतलेली टाटा २०७ पिकअप अजून दारात उभी आहे आणि चालू आहे. तुरीची पोती, शेळ्या, लग्नाची भांडी, सगळं तिनं वाहिलंय. गेल्या साली इंजिन बांधून घेतलं, एका सेल्फमध्ये उठते.

आता रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या आणून देता का म्हणून आठवड्याला तीन-चार फोन येतात. लातूरहून उचलायची गाडी बोलवायची तर गिऱ्हाईक दोन-दोन तास उन्हात उभं राहतं. म्हणून २०७ चाच कॅरिअर करावा असं मनात आहे. मिस्त्री म्हणतो, मागच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याला, जाड स्पेसर (लोखंडी कडं) टाकून दोन्हीकडं डबल टायर करू, स्प्रिंगचे दोन पाटे वाढवू, चेसिस अडीच फूट लांबवू आणि वर लोखंडी रॅम्प टाकू. पंधरा दिवसांचं काम सांगतो. माझ्याकडं साडेतीन लाख आहेत. ज्यांनी असं केलंय त्यांनी नीट सांगा, मी लिहून घ्यायलोय.

गेवराईकर

भाऊ, स्पेसरचं काम करू नका. मी केलं होतं, दुसऱ्या कंपनीच्या पिकअपला, एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर. चार महिने बरं चाललं. मग एक दिवस बोलेरो घालून मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो. आधी ब्रेकचा लायनर जळाल्याचा वास आला. बाजूला घेऊन बघतो तर डाव्या ड्रमजवळ हात नेववत नव्हता, हबच्या तोंडातून काळं ग्रीस वितळून डिस्कवर ओघळलेलं. बेअरिंग खलास. चाक वरून आत झुकलेलं, आतला टायर पाट्याला घासून त्याच्या दोऱ्या दिसायला लागलेल्या. गाडीत माझा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी स्पेसर काढून भंगारात टाकले.

वाळूजचा फिटर

मी सव्वीस वर्षं ट्रकच्या मागच्या धुऱ्याचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डबल टायरची ताकद टायरमध्ये नसते, हाऊसिंग (एक्सलच्या बाहेरचं लोखंडी कवच) आणि हबमध्ये असते. टाटा ४०७ च्या किंवा मोठ्या गाडीच्या मागच्या हबच्या तोंडावर बोल्टांची गोल रांग दिसते बघा. ते बोल्ट सोडून एक्सल ओढून बाहेर काढला तरी चाक जागेवर उभं राहतं. म्हणजे वजन हाऊसिंगवर, दोन बेअरिंगांवर बसलेलं असतं आणि एक्सल फक्त चाक फिरवतो. दोन टायरांच्या मधली रेघ त्या दोन बेअरिंगांच्या मध्ये पडावी अशी चाकाची डिस्क खोलगट केलेली असते. हलक्या पिकअपच्या हबला स्पेसर लावून टायर बाहेर ढकलला की वजन बेअरिंगच्या बाहेर लोंबतं. गेवराईकरांच्या गाडीचं तेच झालं.

दुसरं टायरचं. टायरच्या बाजूला ११६/११४ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला एकट्या टायरसाठी, दुसरा जोडीत असताना. ११६ म्हणजे १,२५० किलो आणि ११४ म्हणजे १,१८०. म्हणजे जोडीत प्रत्येक टायरनं कमीच वजन घ्यायचं असतं, दोन लावले म्हणून ताकद सरळ दुप्पट होत नाही. त्यात एक टायर नवा आणि शेजारचा झिजलेला असला तर नवा थोडा उंच, सगळं ओझं तोच घेतो आणि तापून फुटतो. आतल्या टायरची हवा आपल्याकडं कोणी बघत नाही. आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घ्या आणि दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का ते रोज बघा.

तिसरं ब्रेक. २०७ ला टन-सव्वा टन मालासाठी ब्रेक दिलेत. त्यावर रॅम्पचं लोखंड आणि वर एक इनोव्हा चढवली की गाडी ओढेल, इंजिन नाही म्हणणार नाही. पण थांबवायची कशी? पाटे वाढवून गाडी बसायची थांबते, ब्रेक वाढत नाहीत.

आणि चेसिस कापून जोडायचं तर नावच काढू नका.

परभणीचा वकील

वरच्या सगळ्याला कायद्याची बाजू जोडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडापेक्षा मला विम्याची भीती वाटते. गिऱ्हाइकाची वीस लाखांची गाडी वर असताना अपघात झाला आणि तुमच्या आरसीवर चार टायर असले, तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवणार.

उदगीरकर

सगळ्यांचे आभार. वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. मिस्त्रीला नाही म्हणून सांगितलं. वडिलांना वाईट वाटलं, कारण २०७ कामाला लागणार म्हणून ते खूश होते.

आता असं ठरवायलोय की मुळातच मागे डबल टायर असलेली जुनी गाडी घ्यायची. अहमदपूरला एक ४०७ आहे, नाकवाली, म्हणजे बॉनेट पुढं आलेली. टेप लावून मोजली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ३,१०० मिमी. घ्यावी का? आणि २०७ चं काय करू?

जालन्याचा बॉडीबिल्डर

दादा, नाकवाली घेऊ नका. गाडी दणकट आहे, १९८६ पासून ४०७ नं आपल्याकडच्या रस्त्यांवर काय काय वाहिलं ते आपण बघितलंय. पण तुमच्या कामाला ती आखूड पडेल. हिशोब बघा. मागच्या एक्सलच्या मागं बॉडी व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येते. ३,१०० चे ६० टक्के म्हणजे १,८६०. नाकवाल्या गाडीत केबिन मागं सरकलेली, त्यामुळं केबिनच्या पाठीपासून एक्सलपर्यंत फार तर दोन मीटर मिळतात. गाडी ठेवायचा बेड भरला जेमतेम ३.८ ते ३.९ मीटर. इनोव्हा क्रिस्टा आहे ४,७३५ मिमी, फॉर्च्युनर ४,७९५. गाडीचं बूड मागं लोंबणार, आणि बेडबाहेर लोंबणारा माल चालत नाही.

सपाट तोंडाची आणि लांब व्हीलबेसची बघा. ३,८०० व्हीलबेसची टाटा ७०९ मिळाली तर सोनं. आरसीवर एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ते स्पष्ट केलंय. ड्रायव्हर शोधायला सोपं जातं.

रॅम्प लावून ढकलत चढवायचा बेड करू नका, सरकणारा करा, हायड्रोलिकचा, पंप गिअरबॉक्सवरून चालणारा. हल्ली ऑटोमॅटिक गाड्या, फोर-व्हील आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यात. इंजिन किंवा मोटर ज्यांना फिरवते ती चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जाते, चारही चाकं वरच पाहिजेत. विंच (दोरीनं गाडी वर ओढणारं यंत्र) घेताना आपली गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते आधी बघा.

उदगीरकर

बारा दिवसांनी लिहितोय. काल जालन्याला जाऊन ७०९ बघून आलो. व्हीलबेस ३,८०० मिमी. केबिनच्या पाठीपासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेपवर ३,१५० आलं. आरसीवर एकूण वजन ७,४९०, रिकामं ३,१००. सहाही टायर एकाच कंपनीचे. फिटरभाऊंनी सांगितलं तसं उजवीकडचा एक्सल बाहेर काढून दाखवा म्हणालो, मालकानं काढून दाखवला, चाक उभंच राहिलं. डाव्या हबच्या ऑइल सीलमधून थोडं तेल झिरपतंय. वडील सोबत होते, त्यांनी चेसिसवर हातोडी मारत मारत आवाज ऐकला, कुठं जोड नाही म्हणाले.

हिशोब केला. ३,१५० आणि ६० टक्क्यांचे २,२८०, म्हणजे ५.४ मीटर. जुना डाला काढला की साधारण ७०० किलो कमी होतील, नवा बेड, सबफ्रेम (चेसिसवर बेडखाली बसणारी चौकट), पंप, विंच धरून १,४०० वाढतील. रिकामी गाडी ३,८०० झाली तरी साडेतीन टनांच्या वर शिल्लक राहतात. बरोबर आहे का? मागणी पाच लाखांची आहे, वडील थोडे पैसे घालतो म्हणालेत.

जालन्याचा बॉडीबिल्डर

हिशोब बरोबर. बेड पाच मीटरचाच करा, ५.४ पर्यंत ताणू नका.

काम सुरू करायच्या आधी बॉडीचं ड्रॉइंग घेऊन आरटीओत अर्ज टाका. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर बॉडीचा प्रकार आणि रिकामं वजन बदलून घ्या, मग विम्याला कळवा. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नका, वेल्डिंगही नाही. सबफ्रेमखाली रबरी पट्टी टाकून यू-बोल्ट आणि उभ्या बाजूच्या प्लेटांनी बांधायची. वेल्डिंगवाला जवळ आला की आधी बॅटरीची वायर सोडायची.

वाळूजचा फिटर

सील झिरपतंय म्हणजे तेल लायनरवर गेलंय असं धरून चला. दोन्हीकडचे ड्रम उघडा, लायनर आणि सील नवे टाका, बेअरिंग धुऊन ग्रीस भरा. त्याचे पैसे मागणीतून कमी करून घ्या.

गाडी चढवताना इंजिनची बाजू केबिनकडं ठेवा. जड बाजू मागं राहिली तर स्टिअरिंग हलकं पडतं, घाटात कळतं. विंचच्या दोरीच्या भरवशावर निघू नका, चारही चाकांना पट्टे टाकून कसा आणि पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा कसा.

गेवराईकर

आणि २०७ ला फोन आला की जागेवर जाऊन मदत करायच्या कामाला लावा. पंक्चरचं सामान, हवेचा पंप, जंप-स्टार्टच्या वायरी, डिझेलचा डबा. निम्म्या गाड्या तर जागेवरच चालू होतात, उचलायची वेळच येत नाही. मी तसंच करतो.

उदगीरकर

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते आत्ता उठून २०७ च्या मागच्या हौद्याचं माप घ्यायला गेलेत, सामानाची पेटी करायची म्हणतात. ७०९ चा सौदा सोमवारी.