आय-२० एन लाइनसाठी आरामदायी टायर सुचवा (नागपूर, चार टायरचे बजेट २८ हजार)

मनीषनगरी
नमस्कार मंडळी. गाडी आय-२० एन लाइन (आय-२०ची स्पोर्टी आवृत्ती), २०२१ची, डीसीटी (ऑटोमॅटिक गिअर). टायर साइज १९५/५५ आर१६. कंपनीचेच टायर आहेत, ४३ हजार किमी झाले, आता बदलायला आले.
गाडी पळायला झकास, बसायला कडक. सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर टक्-टक्, आणि स्पीडब्रेकर पाटीशिवाय आला की मणका मोजून घ्यायचा. आईच्या कमरेचं दुखणं आहे आणि तिला घेऊन वर्ध्याला जाणं-येणं असतं. मागे बसते आणि बुटीबोरी यायच्या आत विचारते, "वॅगन-आर विकायची काय घाई होती?"
ग्रिप थोडी कमी झाली तरी चालेल, आराम पाहिजे. बजेट फिटिंग-बॅलन्सिंगसकट २८ हजार. रिम बदलायच्या नाहीत. कृपया बजेटमध्येच सांगा.

टर्बो_वऱ्हाडी
मिशेलिन प्रायमसी ४एसटी. डोळे मिटून घे. माझ्या व्हर्टस जीटीला तेच आहेत, लोण्यावानी चालते गाडी. चारचे चाळीसच्या आसपास जातील, पण आईसाठी एवढं तर करशील ना बे?

मनीषनगरी
भाऊ, बजेट २८ लिहिलंय.

टर्बो_वऱ्हाडी
वाचलं ना. ईएमआयवर भेटतात.

काटोलरोडचे_काका
महागड्या नरम टायरचा आमचाही अनुभव ऐका. ब्रँड सांगत नाही, नाहीतर इथे भांडण लागते. रिंग रोडवर एकच खड्डा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) लिंबाएवढा फुगा. दुकानदार म्हणे हा कंपनी दोष नाही, क्लेम होत नाही. साइडवॉलला पंक्चरही काढता येत नाही, टायर सरळ भंगारात. तेव्हापासून आम्ही एमआरएफवर. लोखंड आहे लोखंड.

मनीषनगरी
काका, लोखंड आधीच लावलेलं आहे, त्याचाच त्रास आहे 🙂

रबरशास्त्री
ब्रँड नंतर. आधी एक सांग, तुला त्रास धक्क्याचा आहे की आवाजाचा? लोक दोन्हीला 'कम्फर्ट' म्हणतात आणि चुकीचा टायर घेऊन येतात.
धक्का ठरतो साइडवॉलची उंची, तिचा कडकपणा आणि हवेवर. तुझ्या साइजमध्ये साइडवॉल १९५ मिमी रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण १०७ मिमी. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये गादी तेवढीच. आवाज ठरतो ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) नक्षीवर आणि रस्त्यावर. सिमेंट रोडवर पाणी निघून जावं, घसरू नये म्हणून आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्यावर कोणताही टायर थोडाफार घूं करणारच. चाळीस हजाराचा टायरसुद्धा ते शून्यावर आणत नाही.
घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन झेलतो त्याचा आकडा) ८७ बघ. त्याच साइजमध्ये 'एक्सएल' लिहिलेला मिळाला तर नको घेऊ, जास्त वजनासाठी केलेला असतो, साइडवॉल आणखी कडक.

सदर_एक्सप्रेस
ह्या सगळ्यावर एकच इलाज, १५ इंची रिम. आय-२० च्या खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर१५ येतो. साइडवॉल १२० मिमी, म्हणजे १३ मिमी जास्त गादी, आणि बाहेरचा व्यास जवळपास तोच (६२१ आणि ६२१.५). स्पीडोमीटरला फरक पडत नाही. टायरही स्वस्त. मी माझ्या गाडीला लावले, एका ओळखीच्याकडून अलॉय जवळपास फुकटात भेटले. लोक सिग्नलला काच खाली करून विचारतात.

मनीषनगरी
रिम बदलायच्या नाहीत असं लिहिलंय वर.

सदर_एक्सप्रेस
मग कडक गाडीत बस बाप्पा.

रबरशास्त्री
गणित बरोबर आहे, पण एन लाइनला मागेही डिस्क ब्रेक आहेत. १५ ची रिम कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासते का ते प्रत्यक्ष बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नये. 'बसते हो' एवढ्या शब्दावर चार रिम घरी आणलेले लोक मला माहीत आहेत.

सदर_एक्सप्रेस
माझ्या बसल्या.

रबरशास्त्री
तुमची एन लाइन आहे का?

सदर_एक्सप्रेस
स्पोर्ट्झ व्हेरियंट. तीच गाडी आहे हो, फक्त स्टिकर वेगळे.

हायवे_हरी
१६ च्याच रिमवर २०५/५५ टाक. साइडवॉल ११३ मिमी होते, थोडी उंची वाढते, स्पीडब्रेकरला पोट घासत नाही.

रबरशास्त्री
६ मिमीसाठी व्यास पावणेदोन टक्के वाढवायचा? स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी पावणेदोन किमीने जास्त पळत असेल, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आत घासतं का ते वेगळं बघायचं.

हायवे_हरी
आमच्याकडे सगळे टाकतात.

विमा_विचारू_नका
साइज बदलली की इन्शुरन्सवाले क्लेम नाकारतात!!! माझ्या भावजीच्या मित्राच्या गाडीचं झालं.

हायवे_हरी
तो क्लेम लायसन्स संपल्यामुळे नाकारला होता, तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं.

विमा_विचारू_नका
दोन्ही कारणं होती.

मिहानचा_इंजिनीअर
नायट्रोजन भरा. गाडी एकदम स्मूथ होते.

काटोलरोडचे_काका
साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी पैसे कशाला? आम्ही शाळेत शिकलो होतो.

मिहानचा_इंजिनीअर
काका, नायट्रोजन कोरडा असतो. ओलावा नसल्याने उन्हात प्रेशर कमी बदलते.

काटोलरोडचे_काका
कोरडा असो की ओला, नागपूरच्या मे महिन्यात वाढायचं तेवढं वाढतेच. आम्ही अॅम्बेसेडरमध्ये पंपाने हवा भरून पचमढी केली आहे.

पोह्यावर_तर्री
मिशेलिन घ्या. डोळे मिटून.

प्रतापनगरची_ताई
माझ्याकडे हीच गाडी आहे, एन लाइन, मॅन्युअल. टायरवर एक रुपया खर्च करण्याआधी हे कर: सकाळी गाडी थंड असताना, चालवायच्या आधी, हवा मोज. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर आहे, त्यावर किती हवी ते लिहिलंय. पेट्रोल पंपावरचा पोरगा कोणत्याही गाडीत स्वतःच्या मनाने भरतो आणि टायर दुकानात 'हायवेला जाता ना' म्हणून आणखी चार वाढवतात. टायर तापला की प्रेशर वाढतं, दर पाच-सहा अंशाला एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) धर. म्हणून दुपारी पंपावर मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. छोटा डिजिटल गेज घेऊन डॅशबोर्डात ठेव, पाचशे-सातशेत मिळतो.
दुसरं, आईला पुढे बसव. ह्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, धक्का सगळा मागच्या सीटला. पुढे एवढं जाणवत नाही.

मनीषनगरी
ताई, पुढे बाबा बसतात. त्यांना रस्ता सांगायचा असतो. वर्ध्याचा.

प्रतापनगरची_ताई
मग टायर कितीचाही घे, काही होणार नाही 😄

हायवे_हरी
हवा कमी ठेवायचा सल्ला देऊ नका हो. समृद्धीवर कमी हवेनेच टायर फुटतात.

प्रतापनगरची_ताई
कमी कुठे म्हटलं? स्टिकरवर आहे तेवढी म्हटलं. स्टिकरच्या खाली जायचंच नाही. हवा कमी असली की साइडवॉल सारखी वाकते, तापते, आणि १२० च्या स्पीडला तासभर तशीच चालली की फुटते. तुमचं बरोबरच आहे, फक्त मी जे बोललेच नाही त्यावर बोलताय.

समृद्धीचा_राजा
समृद्धीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मी इगतपुरीपर्यंत एका दमात

रबरशास्त्री
तुमचं रेकॉर्ड वेगळ्या धाग्यावर टाका राजे.

शॉकअप_शेठ
टायरच्या मागे लागून राहिले सगळे. ४३ हजार किमी झाले म्हणता, खालचं सस्पेन्शन कोणी पाहिलं का? लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट. खड्ड्यात 'धप' आवाज आला तर टायर, 'खट्' आला तर बुश किंवा लिंक रॉड. गाडी लिफ्टवर घेऊन मेकॅनिकला पहार लावून हलवून बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम. नवीन टायर टाकूनही खट्-खट् राहिली की लोक टायरवाल्याला शिव्या देतात.

मनीषनगरी
अपडेट. गेज आणला आणि सकाळी मोजलं. चारही टायरमध्ये ४० च्या वर! मागच्या सर्व्हिसला एका दुकानात भरली होती. स्टिकरप्रमाणे केली. खरं सांगू, निम्मा फरक तिथेच पडला. शेठ, लिंक रॉडही दाखवले. डावीकडचा सैल निघाला, बदलला, फार खर्च नाही आला.
पण टायर तरी घ्यायचेच आहेत, नक्षी खाली गेली आहे, खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेला लागायला आली. आता २८ हजारात काय?

टर्बो_वऱ्हाडी
मिशेलिन. थोडं वाढव बजेट.

पोह्यावर_तर्री
+१

रबरशास्त्री
योकोहामा ब्लूअर्थ-जीटी एई५१ ह्या साइजमध्ये येतो, विचार. अपोलो अल्नॅक ४जीसुद्धा बघ, तो आरामाकडे झुकलेला आहे. ब्रिजस्टोन तुरान्झा चांगलाच, पण तुझ्या बजेटला टेकतो की ओलांडतो ते दुकानात कळेल.
आणि जुनं दरपत्रक घेऊन बसलेल्याला आठवण कर, २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. बिल माग. कच्च्या पावतीवर वॉरंटी मिळत नाही.

मिहानचा_इंजिनीअर
सिएट का नको? आपल्या बुटीबोरीला कारखाना आहे. ताजा माल, थेट फॅक्टरीतून ओळखीने मिळेल.

शॉकअप_शेठ
बुटीबोरीला टू-व्हीलरचे टायर बनतात राजा. एन लाइनला स्प्लेंडरचे लावायचे का?

टर्बो_वऱ्हाडी
सिएट? स्पोर्टी गाडीला? ऑटोला लावतात ते.

प्रतापनगरची_ताई
ऑटोवाला दिवसभर त्याच खड्ड्यातून जातो, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.
मनीषनगरी, कोणताही घे, आधी साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाच. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२५ म्हणजे २०२५ चा एकतिसावा आठवडा. ऑफरमध्ये मिळणारे बरेचदा दोन-दोन वर्षं गोदामात पडलेले असतात, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळे काढलेलं रबर नवीन असूनही कडक झालेलं असतं. तुला आराम हवा आहे ना, मग ताजा साधा टायर शिळ्या भारी टायरपेक्षा बरा. चारही टायरचा शिक्का वाच, दुकानदार वरचा एकच दाखवतो. अलाइनमेंट झाली की प्रिंट माग, आणि हवा भरताना समोर उभी राहा. म्हणजे तू उभा राहा.

काटोलरोडचे_काका
एमआरएफचं काय ठरलं?

मनीषनगरी
टायर टाकले. सिएट सिक्युराड्राइव्ह.
तीन दुकानं फिरलो. एकाकडे मिशेलिन होते, बजेटच्या फार वर. दुसऱ्याकडे योकोहामा, दोन ताजे आणि दोन मागच्या वर्षीचे, म्हणे 'काही फरक पडत नाही साहेब'. पडत नसेल तर ताजेच चार द्या म्हटलं, तर नाहीत. तिसऱ्याकडे हे, चारही एकाच आठवड्याचे, ८७व्ही (व्ही म्हणजे वेगमर्यादेचं अक्षर). अलाइनमेंट-बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, सगळं धरून २८ च्या आत, पक्कं बिल. पोरगा ३८ भरायला निघाला होता, दारावरचं स्टिकर दाखवलं तर म्हणे, हे कंपनीवाले कमीच लिहितात.
फरक: सिमेंट रोडच्या जोडावरचा धक्का गोल झाला, टोचत नाही. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर जॉइंट अजून मोजता येतात, पण दात वाजत नाहीत. आवाज होता तेवढाच आहे. स्टीअरिंग किंचित सुस्त वाटतं, कदाचित नवीन ट्रेडमुळे.
आई म्हणाली, गाडी बरी झाली, पण सीट खाली आहे, उतरताना त्रास होतो. त्याला टायर नाही.

टर्बो_वऱ्हाडी
शेवटी सिएटच घेतले. मग विचारलं कायले?

सदर_एक्सप्रेस
१५ च्या रिम लावल्या असत्या तर ह्याच पैशात झालं असतं.

रबरशास्त्री
हजारेक किमी झाले की स्टीअरिंगचं पुन्हा लिही. आणि रिम तापलेली नसताना नट एकदा टॉर्क रेंचने तपासून घे, दुकानात गनने आवळतात.

पोह्यावर_तर्री
मिशेलिन मस्त आहेत तसे. माझ्याकडे नाहीत, पण ऐकलंय.

हिंगणा_टी_पॉइंट
जुने टायर दुकानात दिले का? त्यातले दोन जरा बरे असतील तर मला पाहिजेत, साइज तीच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.