मदत हवी आहे: ॲल्युमिनिअम लोखंडापेक्षा क्रियाशील, मग मोरचुदात ढिम्म का?

अडलेला मामा

नमस्कार मंडळी, भाचीला रसायनशास्त्र शिकवताना गाडी अडली आहे. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

क्रियाशीलता श्रेणी तिला तोंडपाठ आहे. पोटॅशिअमपासून सुरू होऊन सोन्यापर्यंत घडाघडा म्हणते. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून विस्थापित करतो, हेही पाठ. म्हटलं, नुसतं पाठ करण्यापेक्षा करूनच बघू. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण काचेच्या दोन ग्लासांत घेतलं. एकात लोखंडी खिळा, दुसऱ्यात ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी. खिळ्यावर थोड्याच वेळात तांबूस थर धरला. फॉइल मात्र चकचकीत, जशीच्या तशी! श्रेणीत ॲल्युमिनिअम लोखंडाच्या चांगलं वर आहे, म्हणजे आधी त्याच्यावर तांबं जमायला हवं होतं. भाचीचा निकाल: पुस्तक चुकलंय.

दुसरं म्हणजे, ऑक्सिडीकरण कोणाचं आणि क्षपण कोणाचं, यात तिचा हमखास घोळ होतो. ‘ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण’ हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण खिळ्याच्या प्रयोगात ऑक्सिजन ना कोणाला मिळाला, ना कोणाचा गेला. सल्फेटमधला होता तिथेच आहे. मग समजावू कसं?

चिकित्सक

फॉइलला कसलं तरी कोटिंग असेल. पॉलिश पेपरने खसखसून घासा आणि मग टाका.

परीक्षानळी

कोटिंग आहेच, पण ते कारखान्यातलं नाही. ॲल्युमिनिअम स्वतःच ते तयार करतं. उघडा धातू हवेत आला रे आला की त्यावर ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा थर चढतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण इतका घट्ट आणि सलग की द्रावणाची आतल्या धातूशी गाठच पडत नाही. घासून थर काढला तरी फॉइल ग्लासात जाईपर्यंत नवा आलेला असतो. लोखंडावरचा गंज भुसभुशीत, त्याच्या फटींतून पाणी आणि हवा आत जातच राहतात, म्हणून त्याला असं संरक्षण मिळत नाही. थोडक्यात, ॲल्युमिनिअम क्रियाशील आहे म्हणूनच ते निष्क्रिय दिसतं.

मामा, आता एक करा. त्याच फॉइलच्या ग्लासात चमचाभर मीठ घालून ढवळा. मिठातले क्लोराइड आयन त्या थराला जागोजागी भोकं पाडतात. खिडकी उघडी ठेवा, ग्लासवर झाकण नको, जवळपास ज्योत नको, कारण हायड्रोजनही निघतो. मोरचूद विषारी असतो, तेव्हा तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका.

ऑक्सिजनची व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. मॅग्नेशिअमची फीत जळते तिथे ती चालते. विस्थापनात इलेक्ट्रॉनच मोजायचे. लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन सोडले आणि तो फेरस आयन होऊन द्रावणात गेला: हे ऑक्सिडीकरण. तांब्याच्या आयनाने ते दोन घेतले आणि तो धातू होऊन खिळ्यावर बसला: हे क्षपण. सल्फेट आयन नुसता बघ्या. भाचीला समीकरण दोन ओळींत फोडायला लावा, एक देणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखे आले पाहिजेत. ॲल्युमिनिअम तीन देतं, तांब्याचा आयन दोन घेतो, म्हणून दोन ॲल्युमिनिअमला तीन तांबं. समीकरणाचा तोल असा आपोआप साधतो, अंदाजाने आकडे बसवावे लागत नाहीत.

निळाई

वरच्याला +१. ऑक्सिडक आणि क्षपणकाचा गोंधळही यातच मिटतो. इलेक्ट्रॉन देणारा समोरच्याचं क्षपण करतो म्हणून तो क्षपणक, पण देताना त्याचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं. उसने देणाऱ्याचा खिसा हलका होणारच. परीक्षेत इथेच गुण जातात.

अडलेला मामा

मंडळी, मीठ घातलं! आधी द्रावण हिरवट झालं. मग फॉइलच्या कडांवर लालसर तपकिरी भुसा धरू लागला, बुडबुडे सुटले आणि ग्लास हाताला चांगलाच गरम लागला. शेवटी निळा रंग जवळजवळ गेला आणि फॉइलची चाळण झाली. भाचीने पुस्तकाला माफ केलंय 😀

तिचा पुढचा प्रश्न: ॲल्युमिनिअमचं एवढं, तर सोडिअम टाकला तर तांब्याचा ढीगच मिळेल ना?

परीक्षानळी

नाही, आणि करून बघायचा विचारही नको. सोडिअम तांब्याच्या आयनापर्यंत पोचायच्या आधीच पाण्याशी भिडतो. हायड्रोजन निघतो, तो पेटू शकतो, आणि सोडिअम हायड्रॉक्साइड तयार होतं. त्यामुळे द्रावणात कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) दिसतो. तांब्याचा लाल थर नाहीच. पाण्यातल्या द्रावणात विस्थापनाचा नियम वापरताना धातू पाण्यालाच सोडत नाही ना, हे आधी बघायचं.

चिकित्सक

घासण्याचा सल्ला मागे घेतो 😀 पण मग श्रेणीवर भरवसा ठेवायचा किती?

निळाई

श्रेणी सांगते की अभिक्रिया होऊ शकते का. किती वेगाने होईल, हे ती सांगत नाही. प्रमाण क्षपण विभव (आयनाची इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये; जितका उणे, तितकी धातूची इलेक्ट्रॉन देण्याची ओढ जास्त) बघा: ॲल्युमिनिअम उणे १.६६ व्होल्ट, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. लोखंड आणि तांबं यांच्यात ०.७८ व्होल्टचा फरक, ॲल्युमिनिअम आणि तांब्यात तब्बल २. तरीही फॉइल ढिम्म बसली होती. लिथिअम तर उणे ३.०४, पोटॅशिअमपेक्षाही जास्त उणे, पण पाण्यात पोटॅशिअम पेट घेतो आणि लिथिअम त्यामानाने शांतपणे फसफसतो.

अडलेला मामा

हे तिला दाखवतो. तिचा एक प्रश्न राहिलाच: रंग गेल्यावरही बुडबुडे बराच वेळ येत होते. तांब्याचे आयन संपले, मग आता इलेक्ट्रॉन घेतंय कोण?

परीक्षानळी

भाची हुशार आहे. ॲल्युमिनिअमचं क्षारद्रावण किंचित आम्लधर्मी असतं, त्यातले हायड्रोजन आयन इलेक्ट्रॉन घेतात. शिवाय फॉइलला चिकटलेले तांब्याचे कण आणि उघडं पडलेलं ॲल्युमिनिअम मिळून बारीक बारीक विद्युतघट तयार होतात. इलेक्ट्रॉन देतं ॲल्युमिनिअम, बुडबुडा सुटतो तांब्यावर. भिंग घेऊन बघा, लाल भुशावरूनच बुडबुडे उठताना दिसतील.

नवशिका

याच धाग्यात विचारतो. शिसं हायड्रोजनच्या वर आहे, तरी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही होताना दिसत नाही. तिथेही ऑक्साइडच का?

निळाई

तिथे लेड क्लोराइड. ते थंड पाण्यात फारसं विरघळत नाही, शिशावरच थर धरून बसतं. शिवाय शिशाचा विभव फक्त उणे ०.१३, मुळात ओढच कमी.