मदत हवी आहे: ‘मेल्या’ म्हटलं म्हणून पोस्ट उडाली, स्वतःचा सर्व्हर टाकावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही अकरा जण मालवणी नि अहिराणी शब्द, म्हणी गोळा करतो. आधी ‘कू’ या ट्विटरसारख्या भारतीय ॲपवर लिहायचो. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं आणि वेळेत कॉपी न ठेवल्यामुळे बरंचसं लिखाण गेलं (आळस आमचाच). मग मास्टोडॉनवर आलो (तिथे एक कंपनी नसते, वेगवेगळ्या लोकांचे एकमेकांना जोडलेले सर्व्हर असतात), युरोपातला एक हौशी माणूस चालवतो त्या सर्व्हरवर.

गेल्या महिन्यात एकाने वाक्य टाकलं, ‘मेल्या, खय होतंस इतके दिस?’ कोणीतरी तक्रार केली. सर्व्हरवाल्याने यंत्राकडून भाषांतर करून घेतलं, त्यात ‘मेलेल्या माणसा’ असं काहीतरी आलं, आणि धमकी समजून त्याने पोस्ट उडवली. कोकणात आजी नातवाला दारात बघून हेच म्हणते, हे त्याला समजावलं. त्याने माफी मागितली, पण नियम बदलणार नाही म्हणाला: भाषा कळत नसेल आणि तक्रार आली, तर पोस्ट काढायची. एकटा माणूस, फुकट राबतो, त्याला तरी काय बोलणार? मोठ्या कंपन्यांच्या साइटवर तर समजावायलाही कोणी सापडत नव्हतं.

आता गटात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, आपलाच सर्व्हर टाकू. मला भीती वेगळीच. २०१९ मध्ये गॅब ही द्वेषाच्या पोस्टसाठी बदनाम असलेली अमेरिकन साइट मास्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेऊन आलं, तेव्हा कितीतरी सर्व्हरांनी तिला ब्लॉक करून वाळीत टाकलं. आम्ही काही गॅब नाही. पण उद्या आमच्याकडे कोणी खरोखरच जातीवरून घाण लिहिली आणि रात्रभर कोणी पाहिलीच नाही, तर शेजारचे दार लावणारच. बाकीचे अर्धे म्हणतात, ब्लूस्काय या ट्विटरसारख्या दुसऱ्या साइटवर जाऊ. तिथे लेबलं लावायची सेवा कोणालाही चालवता येते, म्हणजे ‘मालवणी लाडाची शिवी’ असं लेबल आपणच लावू! पण पोस्ट काढायचा अधिकार शेवटी कंपनीकडेच ना?

छोटा सर्व्हर कोणी चालवलाय का? तक्रारी बघायला किती माणसं लागतात?

प्रतिसाद १
चालवतो, चाळीसेक खाती आहेत. नवीन खाती मंजुरीनेच उघडा, अर्धी डोकेदुखी तिथेच जाते. तक्रार महिन्याला एखादी येते, पण आली की त्याच दिवशी बघावी लागते, म्हणून दोघं तरी हवेत. सर्व्हर बदलताना फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. सेटिंगमधून ७ दिवसांतून एकदा आपल्या पोस्टचा संग्रह मागवता येतो, तो आजच मागवा. तोवर अशा वाक्यांना कंटेंट वॉर्निंग (पोस्ट उघडण्याआधी दिसणारी सूचना) लावून त्यात अर्थ इंग्रजीत लिहा.

मूळ धागाकर्ता
संग्रह मागवला, आभार. अडचण एकच: अहिराणीतली कुठली शिवी लाडाची आणि कुठली खरी, हे गटात एकालाच नीट कळतं, आणि तो रात्री दहाला झोपतो. खानदेशातलं, जागरण करणारं कोणी आहे का इथे?