शब्दचर्चा : बांबूच्या शेंड्यावरची लढाई ‘अवास्तव’ की ‘नाट्यधर्मी’?

विचारणा

चिनी मार्शल आर्ट्सच्या चित्रपटांवर मराठीत लिहिताना एका शब्दापाशी अडायला होतं. अँग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये (२०००) दोघं तलवारी घेऊन बांबूच्या शेंड्यांवर झुलत लढतात. याला ‘अवास्तव’ म्हटलं तर दोष दाखवल्यासारखं होतं. ‘काव्यात्म’ हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय. ‘वास्तववादी’च्या समोर ठेवता येईल असा शब्द आपल्याकडे आहे का?

प्रतिसाद

‘शैलीदार’ मात्र नको. शैलीदार फलंदाज म्हणतो तेव्हा आपण एका माणसाची ढब सांगत असतो. इथे अख्ख्या प्रकाराने मान्य केलेले नियम आहेत. ‘संकेतबद्ध’ चालेल.

प्रतिसाद

संकेतबद्ध बरा आहे, पण शब्द शोधायला इतकं लांब जायची गरज नाही. नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी ही जोडी आहेच. लोक जसं वागतात तसं दाखवणं ते लोकधर्मी. रंगभूमीच्या संकेतांनी, लयीत, अंगविक्षेपांतून दाखवणं ते नाट्यधर्मी. यात एक खरं आणि दुसरं खोटं असा निवाडा नाही, म्हणून ही जोडी मला मोलाची वाटते. रंगमंचावर शस्त्र चालवताना छेद, भेद, रक्तस्राव प्रत्यक्ष करू नये, असंही भरताने सांगून ठेवलंय.

वूश्या, म्हणजे चिनी तलवारबाज वीरांच्या, चित्रपटांना हा शब्द चपखल बसतो, कारण त्यांचा एक पाय खरोखर रंगभूमीवर आहे. (वू म्हणजे युद्धकला, श्या म्हणजे दुबळ्यांची बाजू घेणारा वीर.) किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मधली (१९७१) बांबूच्या वनातली लढाई पाहा. तिची आखणी करणारे हान यिंगज्ये पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीत रंगभूमीवर तयार झालेले. त्या रंगभूमीवर नट वेगाने येतो, एकदम थबकतो आणि पवित्रा धरून प्रेक्षकांकडे पाहतो. या थबकण्याला ल्यांगश्यांग म्हणतात. किंग हूंच्या लढायांची लय हीच आहे : स्तब्धता, झेप, पुन्हा स्तब्धता. झेपही सलग दिसत नाही. ट्रॅम्पोलिनवरून घेतलेली उडी ते इतक्या छोट्या तुकड्यांत कापतात की डोळा पोहोचेपर्यंत माणूस पलीकडे गेलेला असतो. अशा दृश्याला ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न लागूच होत नाही.

प्रतिसाद

नाट्यधर्मी मान्य. माझा आक्षेप जोडीतल्या दुसऱ्या शब्दाला आहे. या चित्रपटांबाबत ‘वास्तववादी’ म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो : लढाई खऱ्यासारखी दिसणं, आणि लढणाऱ्याच्या अंगात विद्या खरी असणं.

१९२८च्या ‘द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल’पासून शांघायमध्ये उडत्या तलवारींच्या चित्रपटांची लाट आली आणि १९३१ मध्ये सरकारने ती बंदीने थोपवली. पुढे १९४९ मध्ये हाँगकाँगला नट क्वान तक-हिंग यांनी वाँग फेई-हुंग या खऱ्याखुऱ्या युद्धकला-गुरूची भूमिका सुरू केली, ती दक्षिणेकडची खरी मुष्टिविद्या पडद्यावर आणायच्या निश्चयाने. कथा मात्र साध्या, ठोकळेबाजच राहिल्या. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांची गुरुपरंपरा थेट वाँग फेई-हुंगपर्यंत जाते : वाँग, मग लाम साई-विंग, मग लाउंचे वडील. तरी त्यांच्या ‘द ३६थ चेंबर ऑफ शाओलिन’मधल्या (१९७८) तालमीच्या दालनांना वास्तववाद कसा म्हणणार? तिथे अस्सल आहे ते शरीर.

म्हणून ‘अस्सल’ हा शब्द वेगळा ठेवावा. दिखाऊ, निरुपयोगी हातवाऱ्यांना चिनी भाषेत ‘फुलांच्या मुठी, भरतकामाचे पाय’ म्हणून हिणवतात. लढाई उडत होती की जमिनीवर, हा त्या शब्दांचा प्रश्न नाही. हातात दम आहे का, एवढाच आहे.

आणि ज्यांच्यापासून ‘खरी मारामारी’ सुरू झाली असं सर्रास लिहिलं जातं त्या ब्रूस ली यांच्या ‘द बिग बॉस’चे (१९७१) अ‍ॅक्शन दिग्दर्शक कोण? हेच हान यिंगज्ये. खलनायकही तेच. ब्रूस लींचा ठोसा आणि ऑपेराची उडी त्या चित्रपटात एकत्र नांदतात. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी यांच्यामध्ये भिंत घालू नये, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मूळ विचारणा करणाऱ्याकडून

तीन शब्द मिळाले, आभार. लोकधर्मी हा शब्द मी दिग्दर्शक शू हाओफंग यांच्यासाठी राखून ठेवेन. ‘द सोर्ड आयडेंटिटी’मध्ये (२०११) लढणारे बराच वेळ एकमेकांचा अंदाज घेत उभे राहतात, मग दोन-चार फटक्यांत निकाल. पाहताना घसा कोरडा पडतो.

वाँग कार-वाय यांच्या ‘द ग्रँडमास्टर’च्या (२०१३) पटकथेतही शू यांचा हात आहे. तिथे पावसातली लढाई नखशिखांत सजवलेली : थेंब, टोपीची कड, पाण्यात फिरणारं पाऊल. टोनी लेउंग त्यातल्या नायकाच्या भूमिकेसाठी विंग चुन ही दक्षिण चिनी युद्धकला शिकले, हे खरं. तरी त्या दृश्याचा प्राण कॅमेऱ्यात आहे, मुठीत नाही. मी त्याला नाट्यधर्मी म्हणेन, अस्सल म्हणणार नाही. कुणाचं मत वेगळं असेल तर त्या दृश्यापासूनच पुढे बोलू.